‘राखण’ कुणाची

रक्तपेढीतल्या जुन्या मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, सगळे ‘म्हातारा’ म्हणायचे. तो मागच्या खोलीत, दोन मोठ्या फ्रिजांच्या मध्ये एका लाकडी स्टुलावर बसलेला असायचा. त्याच्या पंख्याची घरघर फ्रिजांच्या घरघरीत इतकी मिसळून गेली होती, की तो बंद पडला असता तरी कुणाच्या चटकन ध्यानात आलं नसतं. पण तो बंद पडतच नव्हता. बाबांच्या जागी मी कामाला लागल्यापासून तो एकदाही बंद झाला नव्हता, आणि त्याआधी तर बाबा त्याच्यावरची धूळसुद्धा कुणाला पुसू देत नसत.

त्या दिवशी मात्र त्याची वेळ भरली होती. मजल्याचा मुख्य बोर्ड बदलायचा होता. तेवढा वेळ फ्रिज जनरेटरवर चालणार होते, पण म्हाताऱ्याच्या कोपऱ्यात जनरेटरची लाइन नव्हती आणि त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. “दुपारची जेवणं झाली की लाइट घालवतो,” असं इलेक्ट्रिशियन सांगून गेला. जाता जाता म्हणाला, “मॅडम, मग ओरडायचं नाही हां.” मी ओरडते अशी माझी ख्याती आहे, आणि ती अगदीच खोटी नाही.

शेजारच्या टेबलावर नवं मशीन तयार होतं. काम सोपं होतं, निदान सकाळी तसं वाटत होतं. म्हाताऱ्यावर जे जे प्रोग्राम चालू आहेत ते एकेक करून बघायचे, प्रत्येक जण कोणत्या पॅकेजमधून आलाय ते म्हाताऱ्यालाच विचारायचं, आणि तेच पॅकेज नव्यावर बसवायचं. पॅकेज म्हणजे काय ते एकदा आईला सांगितलं होतं: मशीनवर काहीच सुटं येत नाही, सगळं पुड्यात बांधून येतं, आणि कुठली वस्तू कुठल्या पुड्यातून निघाली ते मशीन लक्षात ठेवतं. आई म्हणाली होती, “म्हणजे तुझ्या बाबांसारखंच की.”

खरंच तसं होतं. बाबांना रक्तपेढीत ‘लेबलसाहेब’ म्हणत. घरात प्रत्येक बरणीवर, प्रत्येक बटणावर, शिलाईच्या डब्यातल्या डबीवरसुद्धा त्यांच्या हातची चिठ्ठी. मशीनवर तर त्यांचा कायदाच होता: सुटं काही ठेवायचं नाही. चार ओळींचा स्वतःचा प्रोग्राम असला तरी ते त्याचं रीतसर पॅकेज बांधत, त्याला नाव देत, तो काय करतो ते एका वाक्यात लिहीत आणि कोण सांभाळतो त्या जागी स्वतःचं नाव घालत. मी कॉलेजात असताना एकदा त्यांच्या मशीनवर माझी एक फाइल तशीच टाकून ठेवली होती, तर मला दोन दिवस टोमणे ऐकावे लागले. “कुणाची ही? बेवारस आहे का?” असं ते माझ्यादेखत मशीनला विचारायचे.

आता त्याच घरातल्या चिठ्ठ्या आई रोज वाचून दाखवते. हे मीठ आहे. हे न्हाणीघराचं बटण आहे. विसरण्याचा आजार आहे, असं डॉक्टर म्हणतात. आईचं म्हणणं वेगळं आहे. आई म्हणते, माणूस ठणठणीत होता, मुलीनं त्याच्याखालची खुर्ची काढून घेतली आणि तो रिकामा बसून बसून असा झाला.

खुर्ची मी काढून घेतली, हे एका अर्थी खरं आहे. निवृत्तीला अवकाश होता. ते थकल्यासारखे दिसायला लागले होते, माझी बाहेरची नोकरी मला नकोशी झाली होती, आणि एका रविवारी मीच म्हटलं, “बाबा, आता पुरे. रक्तपेढीचं मी बघते.” मला वाटलं होतं भांडतील, आठवडाभर अबोला धरतील. त्यांनी दुसऱ्याच दिवशी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. पुढे वर्षभरात ते आईला हाक मारताना अडखळायला लागले, आणि तेव्हापासून आई माझ्याशी बोलते ते ताट वाढण्यापुरतं. तिचं खोटं आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? डॉक्टरांना मी विचारलं होतं, रिकामं बसल्यानं असं होतं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. सांगता येत नाही, एवढ्या तीन शब्दांवर मी आणि आई एका घरात राहत होतो.

तर मी म्हाताऱ्यासमोर बसले आणि विचारायला लागले. हा प्रोग्राम कुठल्या पॅकेजचा? तो सांगे. हा? सांगे. घड्याळ जुळवणारा, छपाईचा, रक्ताच्या पिशव्यांच्या नोंदींचा, सगळ्यांचे पत्ते चोख. मनातल्या मनात बाबांना शाबासकी देत मी शेवटाला आले. शेवटी उरली ‘राखण’.

राखण म्हणजे या रक्तपेढीचा जीव. दोन्ही फ्रिजांतल्या सेन्सरवर तिची नजर असते. फ्रिजातली थंडी जरा कमी झाली की ती फोन लावते, आधी इथल्या टेबलावर, आणि इथे कुणी उचलला नाही तर पुढच्या नंबरावर. माणसं जेवायला जातात, डुलक्या काढतात, राखण नाही. बाबांनी ती पहिल्याच वर्षी लिहिली होती. फोनवर बोलायला तयार आवाज मिळतो, तो त्यांना पटेना, म्हणून निरोपसुद्धा स्वतःच्या आवाजात भरला होता.

मी विचारलं, राखण कुठल्या पॅकेजची? म्हातारा म्हणाला, कुठल्याच नाही.

मला हसूच आलं. लेबलसाहेबांनी एक सुटी ठेवली तर. जन्मभर आम्हाला टोमणे मारले आणि स्वतःची लाडकी बेवारस. आज घरी जाऊन सांगायचं, त्यांना कळो न कळो, असं मी ठरवलं. मग ती फाइल कुठे आहे ते बघायला गेले, तर फाइलच नव्हती. राखण चालू होती, फ्रिजांवर नजर ठेवून होती, आणि डिस्कवर तिचा पत्ता नव्हता. चालू प्रोग्रामांच्या यादीत तिच्या नावापुढे एकच शब्द होता: पुसलेली.

असं होतं कधी कधी. प्रोग्राम एकदा सुरू झाला की तो मेमरीत राहतो. मागाहून त्याची मूळ फाइल काढून टाकली तरी त्याला पत्ता लागत नाही, तो आपला काम करत बसतो. पण एकदा थांबला की संपला. पुन्हा सुरू करायला काही उरलेलंच नसतं. म्हणजे राखणचं पॅकेज होतं, रीतसर होतं, ते कुणीतरी काढून टाकलं होतं. आणि जेवणं झाल्यावर लाइट जाणार होती.

या मशीनचा पासवर्ड फक्त दोघांकडे: बाबा आणि मी. मी काढलं का? मी आठवून आठवून बघितलं. मी म्हाताऱ्याला घाबरूनच होते. मी त्याच्यावर काही बसवलं नव्हतं, काही काढलं नव्हतं. उरले बाबा, आणि बाबा राखण काढणं शक्य नव्हतं.

टेक्निशियनताई पुढच्या खोलीत पिशव्यांवर रक्तगटाच्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या. मी दारात उभी राहून विचारलं, “ताई, राखण कुणी काढली होती का हो? म्हणजे मशीनवरून? बाबांनी कधी काही म्हटलं होतं?”

त्यांनी मान वर केली नाही. “काढली कुठे? परवाच तर वाजली. मीच फ्रिजचं दार नीट लावलं नव्हतं.”

“चालू आहे, पण तिचं पॅकेज नाहीये. कुणीतरी काढलंय.”

ताईंचा हात थांबला. हातातली चिठ्ठी त्यांनी परत कागदावर चिकटवली.

“साहेब जायच्या आधीची गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “बरेच महिने आधीची. ते आत साफसफाई करत बसले होते, नको असलेलं काढत होते. मला हाक मारली. म्हणाले, हे राखण काय आहे? माझ्या मशीनवर हे कुणी घातलं? मला वाटलं चेष्टा करतायत. ते करायचे ना तशी, तोंड गंभीर करून. मी म्हटलं, शेजारणीनं घातलं असेल, साहेब.”

“मग?”

“मग हसले. पण जरा उशिरानं हसले गं. आणि म्हणाले, नाही, हे माझं नाही, काढून टाकतो. मी हसत हसत बाहेर आले, सगळ्यांना सांगितलं, आज लेबलसाहेब स्वतःचंच लेबल विसरले. सगळे हसले.” त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. “थोड्या वेळानं आत गेले तर ते तसेच बसले होते, स्क्रीनकडे बघत. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाले, ताई, घरी काही बोलू नका. मला वाटलं बी.पी.चं म्हणतायत.”

मी परत आत आले. खुर्चीवर बसायला हवं होतं, पण ती बाबांची खुर्ची होती, आणि मला तिच्यात बसवेना. मी फ्रिजला टेकून उभी राहिले.

म्हणजे तेव्हाच सुरू झालं होतं. मी ‘आता पुरे’ म्हणायच्या कितीतरी आधी. ज्या माणसानं राखण लिहिली तोच इथे बसून तिच्या नावाकडे बघत होता आणि त्याला ती ओळखू येत नव्हती. मागाहून कधीतरी त्याच्या ध्यानात आलं असणार की ती आपलीच होती, आणि ती आपण आपल्या हातानं काढली. पॅकेज पुन्हा का बांधलं नाही? बांधता आलं नसेल. बांधायला बसले असतील आणि पुढचं आठवलं नसेल. मशीन बंद न होऊ देणं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं; म्हणून जाताना मला बजावून गेले होते, “म्हाताऱ्याला बंद करायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी.” मी समजले होते, जुन्या माणसाचा हट्ट. आणि त्या रविवारी मी खुर्ची मागितली तेव्हा ते भांडले नाहीत, कारण ते वाटच बघत होते. माझ्या बापाला भीती वाटत होती आणि ती त्यानं एकट्यानं गिळली होती. मी रडले. फ्रिजांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसावं.

पॅकेज काढलं की त्यातला चालू प्रोग्रामही थांबेल, अशी सोय ते बांधतानाच करायची असते. बाबांनी राखणच्या पॅकेजात ती केलीच नव्हती, कारण राखण कधी थांबायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळेच ती वाचली होती.

चालू प्रोग्राम मेमरीतून परत फाइलीत उतरवता येतो. जिवंत आहे तोवर येतो. तेवढं मला येत होतं, आणि तेही त्यांनीच शिकवलेलं. मी ती उतरवली. पॅकेज काढलं तरी सेटिंग मागे राहतात, तशी ती राहिली होती, आणि बाबांच्या आवाजातला निरोपही त्या सेटिंगबरोबरच होता. ते सगळं मी डोळे झाकून उचललं आणि नव्या मशीनवर राखणचं पॅकेज बांधायला घेतलं, त्यांच्या पद्धतीनं. नाव: राखण. काय करते: थंडी राखते. कोण सांभाळतं, या जागी मी बाबांचं नाव लिहिलं. माझं लिहायला हवं होतं. हात वळला नाही.

इलेक्ट्रिशियन डोकावला. “मॅडम, झालं का?”

“झालं की सांगते.”

“जेवणं झाली.”

“मग अजून थोडं जेवा,” मी म्हटलं. तो गेला.

फोनची तार नव्या मशीनला लावली, सेन्सर जोडले. दोन नंबरच्या फ्रिजमधल्या छोट्या बाटलीतला सेन्सर बाहेर काढून मुठीत धरला. आकडा चढला आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. तो मी मुद्दाम उचलला नाही. पुढचाही नंबर लागतो का ते बघायचं होतं. पुढचा नंबर माझाच असणार असं मी धरून चालले होते. टेबलावरचा फोन गप्प झाला. मी माझा मोबाइल समोर ठेवून वाट बघत बसले. तो वाजला नाही. काही वेळानं वाजला तेव्हा फोन आईचा होता.

“काय केलंस तू?” आई म्हणाली. “ह्यांचा फोन वाजला, ह्यांनी उचलला. बूट घातलेत. दारात उभे आहेत, मला बाजूला सारतायत. कुठे जाताय म्हटलं तर म्हणतात, दोन नंबरचा फ्रिज.”

सेटिंगमध्ये दुसरा नंबर अजून बाबांचाच होता. टेबलावरचा फोन कुणी ना कुणी उचलतंच, म्हणून इतक्या दिवसांत तिथवर पाळी आलीच नव्हती. मी सेन्सर जागेवर ठेवला, इलेक्ट्रिशियनला “घालवा लाइट” म्हणून सांगितलं आणि घरी पळाले. म्हातारा बंद होताना बघायला मी थांबले नाही.

बाबा दारातच होते. बूट उलटसुलट घातलेले, शर्टाची बटणं मात्र बरोबर. आई दाराला पाठ लावून उभी होती आणि मी आल्यावर बाजूला झाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांत त्यांच्या डोळ्यांत इतका शहाणपणा मी पाहिला नव्हता. क्षणभर मला वाटलं, ओळखलं.

“कुणाची गं तू?” त्यांनी विचारलं.

तुमची, असं ओठांवर आलं होतं. पण त्यांना घाई होती, आणि माझं उत्तर त्यांच्या कामाचं नव्हतं.

“मी रक्तपेढीतून आले,” मी म्हटलं. “दोन नंबरचा फ्रिज बघितला. ठीक आहे. रक्त खराब झालं नाही.”

“दार उघडं होतं का?”

“नाही. सेन्सर बाहेर आला होता. परत बसवला.”

त्यांनी श्वास सोडला. मी त्यांना खुर्चीत बसवलं, खाली बसून बूट काढायला लागले. त्यांनी पाय पुढे केला.

“कुणाच्या हाताखाली आहेस?”

“लेबलसाहेबांच्या.”

“चांगला आहे का माणूस?”

“चांगले आहेत. कडक आहेत जरा.”

“असू दे. शिकशील.” त्यांनी दुसरा पाय पुढे केला. “त्याला सांग, राखण नीट चालते आहे. मी ऐकलं आत्ता.”

राखण हा शब्द त्यांच्या तोंडून आला आणि माझ्या हातातली बुटाची नाडी सुटेना. मी खाली मान घालूनच “सांगते,” म्हटलं.

ते डोळे मिटून मागे टेकले. मी बूट कोनाड्यात ठेवायला गेले, तिथेही चिठ्ठी होती: बूट. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोन तिनं पदरात धरून ठेवला होता, पुन्हा वाजेल अशा भीतीनं.

“त्यांचाच आवाज होता फोनवर,” ती म्हणाली. “तेच बोलत होते आणि तेच ऐकत होते. किती नीट बोलायचे गं.”

मी मान हलवली. मला तिला सांगायचं होतं. येताना सगळा रस्ता मी वाक्यं जुळवत आले होते: आई, माझ्यामुळे नाही झालं. मी खुर्ची मागितली त्याच्या कितीतरी आधी झालं होतं, ताई सांगतील, विचार त्यांना. एवढं म्हटलं असतं तर माझ्या मानेवरचं ओझं उतरलं असतं. तिनं मला जवळ घेतलं असतं, कदाचित आजच.

आई बाबांकडे बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

“बघितलंस?” ती हळू आवाजात म्हणाली. “एवढं गेलं, पण काम नाही गेलं. शेवटच्या दिवसापर्यंत तिथे एक चूक केली नाही त्यांनी. तुझ्या हातात किल्ल्या देईपर्यंत एकसुद्धा नाही.”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही आई,” मी म्हटलं. “एकसुद्धा नाही.”